पुण्याहून थेट न्यूयॉर्कला ट्रॅव्हल नर्स म्हणून येता येईल का?

तू मला ताई म्हणालीस, म्हणून मीही अगं-तुगंच करते. तू लिहिलंस ते असं: बीएस्सी नर्सिंग झालंय, पुण्यात खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत चार वर्षं काढलीस. आता एक एजंट म्हणतो, न्यूयॉर्कला ‘ट्रॅव्हल नर्स’ची जागा थेट मिळवून देतो, आठवड्याला २,८०० डॉलर मिळतील, फक्त सहा लाख आगाऊ भर. हे खरं आहे का, हातात किती उरतं आणि एकटीला निभावतं का, हे तुला हवंय.

खरं नाही. एक रुपयाही देऊ नकोस. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या नोंदणीकृत एजंटला आपल्याकडच्या नियमाने सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये अधिक जीएसटी, इतकंच घेता येतं. त्याची नोंदणी आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या वेबसाइटवर दिसतं. सहा लाख मागणारा माणूस तिथेच उघडा पडतो.

पण एजंट चांगला असता तरी उत्तर बदललं नसतं. ट्रॅव्हल नर्स म्हणजे १३ आठवड्यांच्या करारावर एजन्सीमार्फत जाणारी नर्स. हॉस्पिटलला माणसं कमी पडली की ती येते, करार संपला की निघते. अशा कामासाठी भारतातून येणाऱ्या नर्सला अमेरिका व्हिसा देत नाही. परदेशी नर्सला इथे बोलावण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे ईबी-३ वर्गातलं ग्रीन कार्ड, आणि त्यासाठी कायमस्वरूपी नोकरी देणारा मालक लागतो. नर्सिंग ‘शेड्यूल ए’मध्ये, म्हणजे माणसं कमी आहेत असं सरकारनेच मानलेल्या कामांच्या यादीत येत असल्याने मालकाला लेबर सर्टिफिकेशनचा, म्हणजे इथे माणूस मिळत नाही हे सिद्ध करण्याचा लांबलचक फेरा पडत नाही, तेवढी सवलत आहे. मात्र प्रत्येक देशाला वाटा ठरलेला, आणि भारताची रांग एवढी तुंबलीय की २०२५ च्या अखेरीस ईबी-३ मध्ये २०१३ सालचे अर्ज निकाली निघत होते. लंडनला जाऊन तिथलं नागरिकत्व घेतलंस तरी रांग भारताचीच राहते, कारण हिशोब जन्मस्थानावर होतो. नवरा दुसऱ्या देशात जन्मलेला असेल तर त्याच्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. साध्या वॉर्डातल्या नर्सच्या जागेला एच-१बी, म्हणजे पदवीधरांच्या खास कामांसाठीचा तात्पुरता व्हिसा, सहसा बसत नाही.

मी कशी आले, तेही सांगते, म्हणजे चुकीची आशा लागायला नको. मी मिरजेची, शिक्षणही तिथलंच. लग्न होऊन ओहायोत, कोलंबसला आले. नवरा एच-१बीवर होता. त्याच्या ग्रीन कार्डाचा आय-१४०, म्हणजे मालकाने भरलेला अर्ज, मंजूर झाल्यावर मला एच-४वर, म्हणजे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, कामाचा परवाना मिळाला. २०१५ पासून ही सोय आहे. मग एनक्लेक्स ही नर्सच्या लायसन्सची परीक्षा, मग कोलंबसच्याच एका हॉस्पिटलात आयसीयूची पक्की नोकरी, आणि ती अंगात मुरल्यावर ट्रॅव्हल. त्यातही काही एजन्सी परवान्याची मुदत बघूनच फोन ठेवतात. म्हणजे माझ्या वाटेने तुला येता येणार नाही, पण पोहोचल्यावर काय असतं ते मी सांगू शकते.

पैशाचं आधी, कारण सगळ्यात जास्त भूल तिथेच पडते. जाहिरातीतले २,८०० म्हणजे पगार नव्हे. त्यातला एक भाग तासाचा पगार, त्यावर कर लागतो, आणि तो दर पुष्कळदा तिथल्या कायम नर्सपेक्षाही कमी असतो. उरलेला भाग राहण्याजेवणाचा भत्ता. हा भत्ता करमुक्त असतो तो एकाच अटीवर: तुझं खरंखुरं घर दुसरीकडे हवं आणि त्याचा खर्च तू चालू ठेवलेला हवा. मी कोलंबसच्या घराचा हप्ता भरते आणि न्यूयॉर्कात खोलीचं भाडंही भरते, म्हणून मला तो मिळतो. नुसती बॅग घेऊन शहराशहरांतून फिरणाऱ्या नर्सचा सगळा भत्ता करपात्र धरला जातो. एकाच ठिकाणी वर्षाहून जास्त काम करायचं ठरलं तरी सवलत जाते. एजन्सीचा रिक्रूटर हे फोनवर घाईघाईत उरकतो आणि कर खात्याची नोटीस नर्सच्या नावाने येते. म्हणून ट्रॅव्हल नर्सिंगचा पैसा इथे आधीच घर असलेल्या माणसाला परवडतो. नव्याने आलेलीने त्याच्या भरवशावर येऊ नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

यूट्यूबवर आठवड्याला आठ-दहा हजार डॉलर सांगणारे व्हिडिओ दिसतील. ते २०२० ते २०२२ च्या साथीच्या काळातले आहेत. ते दर केव्हाच खाली आले. संपाच्या वेळीही अचानक मोठे आकडे येतात. जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कात माउंट सायनाय आणि माँटेफिओरेच्या सुमारे ७,००० नर्सेस कमी मनुष्यबळाविरुद्ध तीन दिवस संपावर होत्या. अशा वेळी त्यांच्या जागी उभं राहायला एजन्सी दुप्पट-तिप्पट देतात. मी ते काम घेत नाही. त्या बायका ज्यासाठी थंडीत रस्त्यावर उभ्या राहतात, त्याचा त्रास मी रोज वॉर्डात बघते.

करारात दोन ओळी नीट वाचायच्या. एक ‘गॅरंटीड अवर्स’ची. आठवड्याला १२ तासांच्या तीन ड्युट्या, म्हणजे ३६ तास धरलेले असतात. पण पेशंट कमी झाले की हॉस्पिटल ड्युटी रद्द करतं, आणि हमी लिहिलेली नसेल तर त्या दिवसाचे पैसे नाहीत, भाडं मात्र चालूच. दुसरी ‘फ्लोट’ची. वॉर्ड बदलायची वेळ आली की पहिला नंबर ट्रॅव्हलरचा. माझ्या एका करारात आयसीयू लिहिलं होतं आणि पहिल्याच आठवड्यात मला स्टेप-डाउनला, म्हणजे आयसीयूच्या खालच्या पायरीच्या वॉर्डात पाठवलं. वाचलं होतं म्हणून धक्का बसला नाही. करार मध्येच तोडायचा हक्कही हॉस्पिटल स्वतःकडे ठेवतं. दोन करारांच्या मधल्या काळात एजन्सीचा आरोग्यविमा पुष्कळदा बंद पडतो, हे तर पुष्कळांना आजारी पडल्यावर कळतं.

आता कामाचं. ओरिएंटेशन म्हणजे एखादा दिवस संगणकासमोर, आणि फार तर एक-दोन ड्युट्या कुणाच्या तरी सोबत. मग पेशंट तुझे. आयसीयूत न्यूयॉर्कचा नियम दोन पेशंटमागे एका नर्सचा आहे, तो आपल्याकडच्या मानाने सुखाचा. वॉर्डात मात्र तसं नाही. (कॅलिफोर्नियात २००४ पासून वॉर्डांनाही कायद्याने मर्यादा आहे, मेडिकल-सर्जिकलला एका नर्समागे पाच पेशंट. म्हणून पुष्कळ ट्रॅव्हलर आधी तिकडचं बघतात.)

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या माझ्या पहिल्या नाइटला औषधांच्या मशीनवर माझं नावच चढलेलं नव्हतं. हे मशीन, म्हणजे पिक्सिस, बोटाचा ठसा घेतल्याशिवाय कप्पा उघडत नाही. एका पेशंटला रक्तदाब टिकवणाऱ्या नॉरएपिनेफ्रिनची बॅग संपत आलेली, दुसऱ्याला तासातासाला साखर बघून इन्सुलिनचा दर बदलायचा, आणि दर औषधासाठी मी तिथल्या सिस्टरला हाक मारत होते. ती स्वतःच्या पेशंटला सोडून येत होती आणि तिचा चेहरा सांगत होता की हे तिला परवडत नाही. त्या रात्री मला तारलं ते कोलंबसच्या पक्क्या नोकरीने. बॅग संपायच्या किती आधी दुसरी हाताशी हवी, हे हातांना माहीत होतं. तेव्हापासून नवीन जागी ओव्हर, म्हणजे पेशंटचा ताबा, घ्यायच्या आधी मी चार गोष्टी बघून ठेवते: क्रॅश कार्ट (आणीबाणीच्या औषधांची गाडी) कुठे आहे, सक्शन चालतं का, पिक्सिस उघडतो का आणि त्या ड्युटीच्या प्रमुख, म्हणजे चार्ज नर्सचा नंबर काय. ओळखी नंतर होतात.

ओळखीचं तसं अवघडच. सुट्ट्यांचं वेळापत्रक लागतं तेव्हा ट्रॅव्हलरला विचारत नाहीत. भत्ता धरून तुझ्या हातात आपल्यापेक्षा जास्त पडतं, हे कायम नर्सना माहीत असतं, आणि काहींच्या बोलण्यात ते येतं. त्यांचं चूक आहे असं मला वाटत नाही. मी ड्युटी संपताना त्यांची एखादी ड्रेसिंग उरकून देते, तक्रार करत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुणीतरी ब्रेकला सोबत बोलावतं. फिलिपिनो आणि मल्याळी सिस्टर भरपूर भेटतात. मराठी माझ्या वाट्याला अजून आलेली नाही.

क्वीन्समध्ये पेशंट निम्म्या जगाचे. बांगलादेशी आजीबाई माझा चेहरा पाहून हिंदीत बोलायला लागतात, मीही दोन शब्द बोलते, त्यांचा हात धरते. पण औषध समजावणं, संमती घेणं हे टॅब्लेटवरच्या प्रमाणित दुभाष्यामार्फतच करायचं. आपल्याला भाषा येते म्हणून स्वतः उरकायचं नाही. मला तो नियम पटतो. ‘छातीत जळजळ’ आणि ‘छातीत दुखणं’ यांची गल्लत झाली तर भोगणारा पेशंटच असतो.

राहायला मी जॅक्सन हाइट्सला एका गुजराती कुटुंबाकडे खोली घेते. २०२३ पासून तीस दिवसांहून कमी मुदतीच्या भाड्यावर शहराने कडक बंधनं आणलीत, त्यामुळे महिन्याच्या बोलीनेच बघावं लागतं. पाहिल्याशिवाय अनामत पाठवायची नाही. घरमालक ‘परगावी आहे, चावी कुरियरने पाठवतो’ म्हणाला की ती फसवणूकच समजायची. ७४व्या रस्त्यावर पोहे, शेंगदाणे, कढीपत्ता सगळं मिळतं. सबवे रात्रभर चालते, एका वेळचे ३ डॉलर. रात्री मी कंडक्टरच्या डब्यात, म्हणजे गाडीच्या मधल्या डब्यात बसते. नाइट करून सकाळी आठ वाजता त्याच गाडीत ऑफिसला निघालेल्या लोकांत उभं राहायचं, मग जाड पडदे ओढून झोपायचं. एकटेपणा तेव्हा लागतो, उठल्यावर, दुपारी चार वाजता, घरी सगळे कामात असतात तेव्हा. तो जात नाही, मी त्यावेळेला स्वयंपाक करते. सलग तीन ड्युट्या लावून घेतल्या की चार दिवस कोलंबसला जाता येतं, त्यावर माझं निभावतं.

तुझ्यासमोर आज उघडे असलेले रस्ते वेगळे आहेत. आयर्लंड आणि ब्रिटन इंग्रजीची परीक्षा आणि तिथली नर्स म्हणून नोंदणी झाली की घेतात, तिथेही सुरुवात एकाच हॉस्पिटलशी बांधलेल्या व्हिसावर होते. जर्मन शिकायची तयारी असेल तर जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केलाय, त्याची सद्यस्थिती सरकारी कार्यालयातच विचार, क्लासवाल्याकडे नको. माझं मत विचारशील तर आयर्लंड बघ. अमेरिकेचं मनात असेलच तर एनक्लेक्स मुंबईला देता येते. देऊन ठेव आणि एखाद्या मालकाकडून अर्ज दाखल करून रांगेत नाव लाव. पण तारीख येईपर्यंत आयुष्य थांबवून बसू नकोस. कुणी तीन वर्षांचा बाँड आणि मोडल्यास मोठा दंड असं लिहून आणलं तर सही करण्याआधी तिथल्या इमिग्रेशन वकिलाला दाखव. त्याची फी दंडापेक्षा फार कमी असते.

या महिन्यात मात्र एक काम कर. कुठल्याही देशाला जा, कॉलेजकडून थिअरी आणि क्लिनिकलच्या तासांचं विषयवार ट्रान्सक्रिप्ट आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं व्हेरिफिकेशन लागतंच. अमेरिकेसाठी ते परदेशी नर्सची कागदपत्रं तपासणाऱ्या सीजीएफएनएस या संस्थेकडे (आता नाव ट्रूमेरिट) थेट जावं लागतं, तुझ्या हातून नाही. त्यात प्रसूती, बालरोग आणि मानसोपचार यांचे तास स्वतंत्र लिहिलेत का, ते स्वतः वाचून बघ. माझ्या कॉलेजने मानसोपचाराचे तास दुसऱ्या विषयात मिसळले होते आणि ते सुधारून घ्यायला भावाला मिरजेत कितीतरी हेलपाटे घालावे लागले. तू अजून पुण्यात आहेस, तुझ्या ओळखीच्या मॅडम अजून कॉलेजात आहेत. अर्ज लेखी दे आणि पोच घे.