जमिनीत नत्र भरपूर असेल तर मुळांजवळचे जिवाणू नत्र बांधणं थांबवतात का?

काही थांबवतात. काहींच्या बाबतीत तो निर्णय झाडच घेतं.

नत्र बांधणं म्हणजे हवेतल्या नत्राचा अमोनिया करणं. त्याचा एक रेणू फोडायला किमान 16 एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) लागतात, म्हणजे काम भलतंच महाग. मक्यासारख्या पिकांच्या मुळांशी राहणारा अझोस्पिरिलम हा जिवाणू याबाबतीत पक्का हिशेबी आहे. आयता अमोनिया मिळाला की त्याचं ड्राटी नावाचं प्रथिन नायट्रोजिनेज या नत्र बांधणाऱ्या विकराला एक रासायनिक शेपूट चिकटवतं, आणि विकर मोडत नाही, नुसतं बंद पडतं. अमोनिया संपला की ड्राजी हे दुसरं प्रथिन ते शेपूट काढून टाकतं आणि काम पुन्हा सुरू. दिवा विझवून तेल वाचवण्यातलाच प्रकार!

मेथीच्या मुळांवरच्या गाठींमधल्या सायनोरायझोबियम या जिवाणूचं तंत्र निराळं. तो अमोनिया स्वतःकडे न ठेवता झाडाला देतो आणि बदल्यात अन्न घेतो. त्याचं बटण आहे प्राणवायू. प्राणवायूने नायट्रोजिनेज कायमचं निकामी होतं. म्हणून फिक्सएल हे प्रथिन प्राणवायू जोखतं आणि तो पुरेसा कमी असेल तरच फिक्सजे व निफए या प्रथिनांमार्फत नत्र बांधण्याची जनुकं चालू होतात. श्वसनापुरता प्राणवायू पोचवायला गाठीत लेगहिमोग्लोबिन हे लालसर प्रथिन असतं. गाठ नखाने फोडून बघा, आतून गुलाबी निघाली तर काम चालू आहे.

युरिया जास्त पडल्यावर गाठी कमी दिसतात, ते मात्र मुख्यतः झाडाचं काम. नत्र आयतं मिळतंय म्हटल्यावर ते नव्या गाठी धरतच नाही.