दगडांचा नाद आहे, मग भूशास्त्र घेऊ द्यावं का?

प्रश्न: आम्ही संगमनेर तालुक्यातले. मुलगी अकरावी सायन्सला आहे, घरभर दगड आणि स्फटिक गोळा करून ठेवते. तिला भूशास्त्र घ्यायचंय, तिचे वडील म्हणतात इंजिनिअरिंगच. परवा बोअरची जागा दाखवायला आलेल्या पाणाड्याशी तिनं चारचौघांत वाद घातला. यात नोकऱ्या आहेत का? आणि मुलीला रानोमाळ फिरायचं काम झेपेल का? – एक आई

ताई,

आधी नोकरीचं बोलू, घरातला वाद तिथंच अडलाय. नोकऱ्या आहेत, पण नुसत्या बी.एस्सी.वर फारसं काही हाती लागत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, म्हणजे जीएसआय, ही १८५१ सालची संस्था. तिथले भूवैज्ञानिक यूपीएससीच्या कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून निवडतात. एम.एस्सी. लागते, वयाची अट २१ ते ३२. पूर्व परीक्षा ४०० गुणांची, मुख्य ६००, मुलाखत २००. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१०० रुपये. केंद्रीय भूजल मंडळाची पदंही यातूनच भरतात. जागा मात्र दरवर्षी सारख्या निघत नाहीत, म्हणून सगळी भिस्त तिथंच नको. खाणी, बोगदे, धरणं, तेल, भूजल इथंही काम असतं. क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर येत असेल तर लवकर मिळतं.

गणित सोडू देऊ नका. वडिलांना सांगा, जेईईची तयारी वाया जात नाही: खरगपूर, रुरकी या आयआयटींमध्ये भूशास्त्राचे कोर्स जेईई अॅडव्हान्स्डमधूनच मिळतात. नाही जमलं तर पुण्यात फर्ग्युसन किंवा मुंबईत झेवियर्सला बी.एस्सी., मग एम.एस्सी. प्रवेशाची जॅम परीक्षा देऊन आयआयटी मुंबईत अप्लाइड जिऑलॉजी.

आता तिच्या आवडीचं. दगड गोळा करणं ही काही परीक्षा नव्हे. तुमच्या भागात बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या, पोकळ्यांत झिओलाइट या खनिजाचे स्फटिक सापडतात, ते कुणालाही आवडतील. पाहायचं ते हे, की कंटाळवाण्या नोंदी ती नेमानं ठेवते का. यासाठी विहिरींसारखी शाळा नाही. गावातल्या आठ-दहा विहिरी निवडायच्या आणि दिवाळीपासून मेपर्यंत महिन्यातून एकदा पाण्याची पातळी मोजायची. मापाची टेप आणि टोकाला वजन एवढं पुरे. मोजायचं सकाळी, मोटर सुरू व्हायच्या आधी. उपसा चालू असताना घेतलेलं माप त्या विहिरीचं खरं माप नव्हे. माप कठड्यावरून घेतलं तर कठड्याची उंची वजा करायची. हे इथं हमखास विसरतं, आणि मग उंच कठड्याच्या विहिरीत पाणी खोल गेल्यासारखं दिसतं. शेजारच्या दोन विहिरींची तुलना करताना जमिनीची उंचीही धरावी लागते. ती मोबाइलवरून घेऊ नये, त्यात मीटरांनी फरक पडतो. सरकारी नकाशावरच्या उंचीच्या रेषांमध्येही बरेच मीटर अंतर असतं, म्हणून गवंडी वापरतात तशा पाण्याच्या पारदर्शक नळीनं दोन विहिरींतला उंचीचा फरक मोजावा. वरून दिसतील ते थर वहीत काढायचे: मुरूम किती, खालचा काळा कातळ सलग की भेगाळ, मध्ये तांबड्या मातीचा पट्टा आहे का, पाझर नेमका कुठून येतो. नोंद जागेवर, तारखेसकट. घरी येऊन आठवून लिहिलेलं धरायचं नाही. विहिरीत उतरायचं नाही आणि सोबत मोठं माणूस हवंच.

पाणाड्याशी वाद घालण्याचा विषयही याच वहीत सुटेल. उथळ भूजल बऱ्याच ठिकाणी थोडंफार असतंच, त्यामुळे हातावरचा नारळ उभा राहून दाखवलेल्या जागी पाणी लागलं की नाव होतं. कोरडी गेलेली बोअर कुणी मोजत नाही. तिनं मोजावीत. गावातलं प्रत्येक बोअर किती फूट, कोणत्या महिन्यात घेतलं, पाणी किती फुटांवर लागलं, मार्चमध्ये टिकलं का. ‘हे सगळं थोतांड आहे’ म्हटलं की शेतकरी ऐकायचं थांबतो, त्याचे पैसे अडकलेले असतात. वीस बोअरांचा तक्ता पुढ्यात ठेवला तर तोच प्रश्न विचारू लागतो. आणि तिनंही ‘इथं पाणी लागेलच’ असं छातीठोक सांगू नये. सलग कातळात भेग मिळाली तर पाणी, नाही तर धूळ. ती भेग वरून दिसत नाही. भूशास्त्रज्ञाला शक्यता सांगता येते, हमी देता येत नाही. गावाला हे पटवणं हा या धंद्यातला सर्वांत अवघड भाग आहे, माझ्या मते पेपरांपेक्षाही.

मुलीला झेपेल का? चालणं सवयीनं जमतं. खरी अडचण स्वच्छतागृहाची आणि मुक्कामाची असते, त्याची सोय आधी विचारून ठेवावी लागते. एकटीनं जायचं नाही, जाण्याआधी गावात सांगायचं. प्रवेश घेताना कॉलेजात दोन गोष्टी विचारा: वर्षात फील्डचे दिवस किती, आणि खडकांचे पातळ काप पाहायच्या मायक्रोस्कोपमागे विद्यार्थी किती.

महागडा कंपास, म्हणजे होकायंत्र, आत्ता घेऊ नका. बेसॉल्टमधल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजामुळे सुई भरकटते, शेजारी लोखंडी हातोडी असली तरीही, आणि शिकवायला कुणी नसेल तर चुकीची सवय लागते. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. हातोडी घेणारच असाल तर घरातली खिळे ठोकायची नको; दगडावर तिचे पोलादी कण उडून डोळ्यात जातात. भूशास्त्राची टोकदार हातोडी घ्या आणि तिच्यासोबतच गॉगल.