उड्या मारणारी इम्पाला

प्रश्न : जपानमधल्या एका रीलमध्ये जुनी शेवरोले इम्पाला चक्क उड्या मारताना दिसली, हे काय प्रकरण आहे?

उत्तर : ही लोरायडर, म्हणजे जमिनीलगत खाली बसवलेली गाडी, मूळची कॅलिफोर्नियातल्या चिकानो म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन पोरांची. महायुद्धानंतर ही मंडळी डिकीत वाळूची पोती टाकून, स्प्रिंग कापून गाडी खाली बसवायची आणि मुद्दाम हळूहळू मिरवायची. १९५८ मध्ये तिथे कायदा आला की चाकाच्या रिमच्या खाली गाडीचा कुठलाच भाग नको, तर १९५९ मध्ये रॉन अगिरे नावाच्या गाडीवेड्याने आपल्या कॉर्व्हेट गाडीला विमानाचे हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) पंप बसवले, पोलीस दिसला की स्विच दाबायचं, गाडी वर! रीलमधल्या उड्या याच हायड्रॉलिकच्या. काय डोकं लावलंय, मला तर जाम आवडतं हे. १९७७ ला सॅन होजेत 'लोरायडर' मासिक निघालं, नाद पार जपानपर्यंत गेला, नागोयात तर क्लबच आहेत. आणि कॅलिफोर्नियाने ती बंदी उठवली थेट २०२४ मध्ये, तोवर पोरांना उगाच त्रास!