लिनक्सवर चालणारा कंपायलर विंडोजवर का अडखळतो?

प्रश्न : शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्ही तिघींनी एका छोट्या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर (तिच्यातले प्रोग्राम मशीनला चालवता येतील असे उतरवणारा प्रोग्राम) सी-मध्ये लिहिला. तो एक्स८६-६४ प्रोसेसरची असेंब्ली (मशीनजवळची भाषा) काढतो आणि लिनक्सवर व्यवस्थित चालतो. कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोज आहे. तिथे मिनजीडब्ल्यूने (विंडोजवरचा सी कंपायलर-संच) तो बिल्ड झाला, पण त्याने बनवलेले प्रोग्राम प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनपाशी आले की भलतेच काही छापतात, नाहीतर बंद पडतात. चूक कुठे असेल?
— एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : कंपायलर विंडोजवर गेला, पण तो काढतो तो कोड अजून लिनक्सचाच आहे. प्रोसेसर तोच असला तरी फंक्शनला आर्ग्युमेंट (त्याला लागणारी मूल्ये) देण्याची रीत दोन्हीकडे निराळी. लिनक्सवर पहिली सहा पूर्णांक आर्ग्युमेंट आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९ या रजिस्टरांत (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवण-जागा) याच क्रमाने जातात. विंडोजवर चारच रजिस्टर, आरसीएक्स, आरडीएक्स, आर८, आर९. तुम्ही फॉरमॅट स्ट्रिंगचा पत्ता आरडीआयमध्ये ठेवता, प्रिंटएफ तो आरसीएक्समध्ये शोधतो.

नुसती रजिस्टर बदलून भागणार नाही. विंडोजवर कॉलआधी स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मूल्यांची मेमरी) ३२ बाइट मोकळे सोडावे लागतात, आर्ग्युमेंट एकच असले तरी. बोलावलेले फंक्शन ती जागा हक्काने वापरते. पाचवे आर्ग्युमेंट आरएसपी (स्टॅकचे टोक दाखवणारे रजिस्टर) अधिक ३२ वर. कॉलच्या वेळी आरएसपीला १६ ने पूर्ण भाग जायला हवा, म्हणून पाच आर्ग्युमेंटसाठी ४० नव्हे, ४८ बाइट धरा. प्रिंटएफला दशांश संख्या देताना ती एक्सएमएम या दशांशांच्या रजिस्टरसोबत त्याच क्रमांकाच्या पूर्णांक रजिस्टरमध्येही ठेवा. आरडीआय, आरएसआय वापरलेत तर फंक्शन संपताना मूळ मूल्ये परत भरा. लिनक्सवर ही सक्ती नाही, त्यामुळे हेच हमखास राहून जाते आणि बिघाड भलत्याच ठिकाणी उमटतो.

हे सगळे नियम एकाच फाइलीत ठेवा, कोडभर इफडेफ (प्रणालीनुसार कोड निवडणाऱ्या अटी) पेरू नका.

कंपायलरच्या स्वतःच्या कोडमधला ‘लाँग’ हा पूर्णांकाचा प्रकारही तपासा. ६४ बिट लिनक्सवर तो ८ बाइटचा, विंडोजवर ४. स्थिरांक त्यात साठवत असाल तर २,१४७,४८३,६४७ च्या पुढची संख्या कापली जाते.

चाचणी एका आर्ग्युमेंटपासून सुरू करा, मग पाच, मग दशांशासह प्रिंटएफ. शेवटी १०,००० बाइटचा लोकल अ‍ॅरे घ्या. विंडोज स्टॅकची ४०९६ बाइटची पाने क्रमाने उघडते. मधली पाने ओलांडून थेट खाली लिहिले की प्रोग्राम कोसळतो. मोठी जागा घेताना दर ४०९६ बाइटला एकदा वाचन करत खाली उतरा.