मुलाला गहू आणि दूध दोन्ही चालत नाही. बेळगावात रोज घरी काय करावं?

ताई, आपल्या भागात ज्वारी, नाचणी आणि तांदूळ घरोघरी असतात. या तिन्हींत ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं बाधणारं प्रथिन, नाही, त्यामुळे जेवणाची सोय होते. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, तुरीची आमटी आणि भात, एवढं रोजचं ठेवा. खानापूरकडचा तांदूळ मिळाला तर त्याची भाकरीही छान मऊ होते.

खरी काळजी दळणाची. गिरणीत आधी गहू दळलेला असेल तर त्याचं पीठ तुमच्या ज्वारीत उतरतंच. सिलियाक, म्हणजे ग्लुटेननं आतड्याला इजा होणारा आजार, असेल तर तेवढंही बाधतं. म्हणून घरगुती चक्की घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. बेसनही तिच्यातच दळा. बाजारच्या डब्यातल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, तेव्हा फोडणी लसणाची द्या. रवा आणि नेहमीच्या शेवया गव्हाच्याच.

दुधाची ॲलर्जी असेल तर तूपही नको, त्यात दुधाचे प्रथिनांश उरतात. ताकाऐवजी नारळाच्या दुधाची सोलकढी करा, आंबील पाण्यातच शिजवा. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ चालत असतील तर रोज द्या. दुधाचा कुंदा आणि गव्हाचे मांडे मात्र बंद. सणाला नारळ-गुळाचे मोदक करा, तांदळाची उकड तेलावर काढून. पोर आवडीनं खाईल.