वापरलेली गाडी घेतली, डीलरची वॉरंटी संपली आणि लगेच इंजिन गेलं; आता काही करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरला राहता, संभाजीनगरच्या डीलरकडून सेकंडहँड डिझेल गाडी घेतली, इंजिन-गिअरबॉक्सची तीन महिन्यांची वॉरंटी होती. ती संपून वीसेक दिवस होत नाहीत तोच गाडी गरम होऊन बंद पडली. गॅरेजवाल्यानं हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, खालचा ब्लॉक, आणि दोघांच्या सांध्यातलं सील म्हणजे गॅस्केट) गेल्याचं सांगून 45 हजारांचं एस्टिमेट दिलंय आणि डीलर म्हणतो, "वॉरंटी संपली, विषय संपला."

माझं परभणीत गॅरेज आहे. अशा भांडणांत कधी एका बाजूसाठी, कधी दुसऱ्या बाजूसाठी तपासणी करून लेखी दिलेलं आहे, म्हणून सांगतो. वॉरंटी कधी संपली यापेक्षा बिघाड कधीचा आहे, हे महत्त्वाचं. गाडी तुमच्या ताब्यात आली तेव्हाच दोष होता आणि तो झाकला होता, एवढं दाखवता आलं तर तारखेच्या आड लपणं डीलरला अवघड जातं. 1930 च्या माल विक्री कायद्याच्या कलम 16 नुसार धंदा म्हणून माल विकणाऱ्यावर तो विकण्यालायक असल्याची जबाबदारी येते, आणि वेगळी लेखी वॉरंटी दिली म्हणून ती आपोआप उडत नाही. "तुम्ही बघून घेतली ना?" हे डीलरचं ठरलेलं वाक्य. पण बघून जे दिसायला हवं होतं तेवढ्यापुरतंच ते चालतं. बंपरवरचा ओरखडा तुमच्या गळ्यात, हेडच्या आतली भेग नाही. मात्र सौदापावतीवर "गाडी जशी आहे तशी घेतली" असं लिहून तुमची सही घेतली असेल, तर तुमची बाजू बरीच लंगडी पडते. आधी ती पावती काढून वाचा.

आता हेड. अजून उतरवलं नसेल तर थांबा. एकदा इंजिन खोललं की आधी काय होतं हे सांगायला कुणी उरत नाही. रेडिएटरचं झाकण थंड असताना उघडा आणि आत बोट फिरवा. तपकिरी, किरकिरीत गाळ हाताला लागला तर लीक बंद करायची पावडर कुणीतरी टाकलेली असू शकते. ती विक्रीआधीची की नंतरची, हे तुमच्या सर्व्हिसच्या पावत्यांवरून ठरेल. ऑइलची काडी काढा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी ऑइलमध्ये उतरतंय. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर टॉर्च मारा. तिथं करडं सिलिकॉन बाहेर आलेलं असेल किंवा बोल्टच्या माथ्यावर पान्याचे ताजे ओरखडे असतील, तर हेड याआधी उतरलेलं आहे. या सगळ्याचा नंबर प्लेटसकट व्हिडिओ करा. मग डीलरला लेखी कळवा की अमुक तारखेला इंजिन खोलणार आहोत, तुमचा माणूस पाठवा. तो आला तर उत्तम, नाही आला तरी तुम्ही बोलावलं होतं हे कागदावर राहतं. उतरवलेलं गॅस्केट आणि बोल्ट भंगारात देऊ नका.

एक कडू बोलतो, राग मानू नका. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा 43 वर असतो, काटा लाल रेषेत गेलेला असताना "गाव आलंच आता" म्हणत गाडी दामटणारे मी रोज बघतो. तसं झालं असेल तर डीलर तेच म्हणणार आणि त्यात तथ्य असेल. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर यांसाठी तर भांडूच नका, ती झिजायचीच.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आरसी दाखवून जुनी हिस्ट्री मागा. तुमच्या आधी गाडी गरम झाल्याची नोंद सापडली, किंवा तेव्हाचं किलोमीटर आजच्या मीटरपेक्षा जास्त निघालं, तर त्या एका कागदानं निम्मं काम होतं.

मग स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. डीलर बऱ्याचदा इथंच नरमतात. "पार्ट माझे, मजुरी तुमची" असा तोडगा आला तर 45 हजारांसाठी मी तो घेईन. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता तिथं तक्रार करता येते, म्हणजे लातूरलाच. संभाजीनगरच्या चकरा नकोत. मुदत दोन वर्षांची, गाडीची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून अर्ज भरता येतो. आयोग गाडी तज्ज्ञाकडे तपासायला पाठवू शकतो. त्याचा खर्च आधी तुम्हाला भरायला लागू शकतो.

"आम्ही फक्त मध्यस्थ, मालक दुसराच होता" असंही डीलर म्हणेल. पैसे कुणाच्या खात्यावर गेले, बिल कुणाच्या नावाचं, वॉरंटी कार्डावर शिक्का कुणाचा, हे काढून ठेवा. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि गाडी ताब्यात घेतल्याची माहिती फॉर्म 29सी मध्ये द्यावी लागते. ते दाखवा म्हणा. हेच जर एखाद्या मास्तरांकडून घरगुती सौद्यात घेतलं असतं तर आयोगाचा रस्ता बहुधा बंद. मग फसवणूक सिद्ध करायला दिवाणी कोर्ट, आणि 45 हजारांसाठी तिथं जा असं मी कुणाला सांगणार नाही.

आणि डीलर "गाडी आमच्याच गॅरेजला आणा, बघतो" म्हणाला तर जॉब कार्ड, म्हणजे गाडी कशासाठी घेतली याची गॅरेजची लेखी नोंद, हातात पडल्याशिवाय चावी देऊ नका.