टेलिस्कोप नाही, पण ताऱ्यांचा डेटा वापरायचाय, तर सुरुवात कुठून करायची?

तुम्ही विचारलंय की फिजिक्स बऱ्यापैकी येतं, टेलिस्कोप नाही, खगोलशास्त्राचा खरा डेटा ऑनलाइन फुकट मिळतो असं ऐकलंय, तर कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं आणि पायथन यायलाच हवं का.

माझं ऐकाल तर पायथन सध्या राहू द्या आणि टॉपकॅट (TOPCAT) हे डेटाची टेबलं उघडून प्लॉट काढायचं सॉफ्टवेअर टाका. जावावर चालतं, फुकट आहे, आणि लाखो ओळींचं टेबल साध्या लॅपटॉपवरही आरामात उघडतं, कोड लिहावा लागत नाही.

पहिलं काम म्हणून कृत्तिका हा तारकागुच्छ घ्या. टॉपकॅटच्या व्हीओ मेन्यूत कोन सर्च (एका जागेभोवतीचे तारे शोधणं) आहे, तिथे गाया डीआर३ निवडायचा (युरोपच्या गाया अंतराळ दुर्बिणीचा तिसरा डेटा संच, २०२२ मध्ये आला, सुमारे १८० कोटी ताऱ्यांचा कॅटलॉग आहे), नावाच्या जागी Pleiades (प्लीअडीज, कृत्तिकांचं इंग्रजी नाव) टाकून रिझॉल्व्ह दाबलं की कोऑर्डिनेट्स आपोआप भरले जातात, रेडियस २ अंश ठेवा. टेबल आलं की प्रॉपर मोशनचे दोन कॉलम एकमेकांसमोर प्लॉट करा, म्हणजे कुठला तारा वर्षाला कुठे आणि किती सरकतोय ते. शून्याजवळ भलामोठा ढीग दिसेल, ते बहुतेक मागचे लांबचे तारे. आणि तिथून बाजूला, साधारण २० आणि उणे ४५ मिलीआर्कसेकंदाजवळ (कोनाचं अगदी छोटं एकक), एक छोटा पुंजका सुटा दिसतो, त्याच कृत्तिका! माउसने त्याच्याभोवती रेघ ओढून सबसेट करा, त्यांच्या पॅरलॅक्सचा (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किती हललेला दिसतो तो कोन, जितका लहान तितका तारा लांब) हिस्टोग्राम काढा, टोक ७.३ मिलीआर्कसेकंदाच्या आसपास येतं. १००० ला त्याने भागा, झालं, सुमारे १३७ पार्सेक, म्हणजे जवळपास ४४५ प्रकाशवर्षं. अंतर तुम्ही स्वतः काढलंत, ते पण व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ वापरतात त्याच डेटावरून. मला यात अजूनही भारी वाटतं.

जोडीला अलादिन हे आकाशाचे फोटो दाखवणारं सॉफ्टवेअर उघडं ठेवा, दोन्ही सॉफ्टवेअर सॅम्प नावाच्या प्रोटोकॉलने एकमेकांशी बोलतात, त्यामुळे प्लॉटमधला ठिपका क्लिक केला की तो तारा अलादिनमधल्या आकाशाच्या फोटोत दाखवता येतो.

काही पॅरलॅक्स निगेटिव्ह दिसतील, घाबरू नका, डेटा बिघडलेला नाही. तारा अंधुक किंवा फार लांब असला की मोजमापातली अनिश्चितता खऱ्या आकड्यापेक्षा मोठी होते आणि आकडा शून्याखाली जातो. म्हणून पॅरलॅक्स नेहमी त्याच्या एररसोबत वाचायची सवय लावा, ही सवय कुठल्याही टूलपेक्षा जास्त कामाची आहे.

मग एडीक्यूएल (खगोलशास्त्राच्या डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) शिका, एसक्यूएल येत असेल तर त्यात नवीन फारसं नाही, आणि त्याने चाळणी सर्व्हरवरच लागते, सगळं डाउनलोड करत बसायला नको. पायथन त्यानंतर, त्यातली ॲस्ट्रोपाय (खगोलशास्त्राची गणितं) आणि ॲस्ट्रोक्वेरी (ऑनलाइन डेटा आणणं) ही पॅकेजेस. ॲस्ट्रोक्वेरीतून गायाला साधी सिंक्रोनस (उत्तर लगेच देणारी) क्वेरी दिली तर उत्तर २००० ओळींवर कापलं जातं, त्यामुळे बरोबर २००० तारे आले की समजायचं यादी अर्धवट आहे, असिंक्रोनस (सर्व्हरवर मागे चालणारी) वापरा.

ताऱ्यांपेक्षा ग्रहांची ओढ असेल तर लाइटकर्व्ह (Lightkurve) हे पायथन पॅकेज घ्या आणि टेस या नासाच्या ग्रह शोधणाऱ्या अंतराळ दुर्बिणीचा वास्प-१८ या ताऱ्याचा डेटा उघडा. तिथला ग्रह एका दिवसाच्या आतच फेरी पूर्ण करतो, म्हणून ताऱ्याचा उजेड सारखा सारखा एक टक्क्याच्या आसपास उतरताना दिसतो. फक्त टेसचा एक पिक्सेल २१ आर्कसेकंदांचा आहे, शेजारच्या ताऱ्याचा उजेड त्यात सहज मिसळतो, तेव्हा दुसऱ्या कुठल्या ताऱ्यात असा खड्डा सापडला तर आधी तीच जागा अलादिनमध्ये उघडून आजूबाजूला कोण आहे ते बघा.